लाल म्हणजे मी

द्राव्स्को,
रविवार, १४ मार्च १९९९

प्रिय यागोदा,

नाताळच्या कार्डावर अगदी खाली तू बारीक अक्षरात एक ओळ लिहिली होतीस. मी ते कार्ड बाकीच्या कार्डांबरोबर कपाटावर मांडलं. बाबांच्या चष्म्याला ती ओळ दिसायची नाही असं मला वाटलं होतं, पण दिसली. ‘आता नव्या सैन्यात जर्मन माणसाशी हात मिळवायची वेळ येणार. मग बाबा काय करणार? हातमोजे घालणार?’ त्यांनी वाचलं, कार्ड कडेला कड जुळवून जागेवर ठेवलं आणि जिन्याच्या पायऱ्यांवरचा बर्फ ओढायला निघून गेले. खरं तर त्या दिवशी पाळी वरच्या मजल्याची होती. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून राहिलंच होतं. फोनवर देता आलं असतं, पण फोनवर बाबांचं नाव निघालं की तू मला हवामान सांगायला लागतेस. गेल्या पाच वर्षांत हँबुर्गच्या पावसाची मला इतकी माहिती झालीय की तिथल्या वेधशाळेत मी सहज नोकरीला लागेन.

आधी परवाची बातमी. शुक्रवारी आपण पश्चिमेच्या लष्करी आघाडीत सामील झालो. तू दूरदर्शनवर मोठ्या लोकांच्या सह्या पाहिल्या असशील, मी आपल्या बराकीसमोरच्या चौकात उभी होते. थंडी अशी की बँडवाल्यांच्या तुताऱ्या ओठांना चिकटत होत्या. महापौरांचं भाषण लांबलं, माइक मधूनमधून शीळ घालत होता, आणि माझ्या मागे बेकरीवाली पानी झेनोबिया शेजारणीला म्हणत होती, ‘अगं, हा बोलत बसला तर तेवढ्यात कुणीतरी पुन्हा आपल्यावर चालून येईल!’ मग आपला झेंडा वर गेला आणि त्याच्या शेजारी तो दुसरा, निळा, पांढऱ्या ताऱ्याचा. राष्ट्रगीत सुरू झालं. मी रडले नाही. खोटं कशाला बोलू, रडले. आपल्या देशाबद्दलचे करार नेहमी परक्या गावात परक्या लोकांनी केले आणि आपल्याला नंतर कळवले. माझ्या आजीच्या आयुष्यात असं झालं, माझ्या आईच्याही झालं. या वेळी सही आपली होती. बाबा पहिल्या रांगेत होते, सलामीत. त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही. त्या रांगेत ते का होते आणि कसे टिकले, हेच तुला सांगायचंय.

तुला माझ्या इंग्रजीचं नेहमी हसू यायचं. ते मला सिस्टर सालेझिया यांनी शिकवलं. तोरूनची आमची सिस्टर्सची शाळा त्या काळात कशीबशी तग धरून होती. सरकारला ती नको होती, पण बंद करायचं कुणाच्या मनावर येत नव्हतं. सिस्टर युद्धाच्या आधी इंग्लंडातल्या एका मठात राहून आल्या होत्या आणि त्यांचं सगळं इंग्रजी पाहुण्यांच्या दिवाणखान्यातलं होतं. एक जण बिशप व्हायची, बाकीच्यांनी तिला चहाला बोलवायचं. ‘आपण कृपा करून ही खुर्ची घ्याल का? आपल्याला आणखी एक बिस्किट दिलं तर चालेल का?’ चार वर्षं आम्ही त्या खोट्या बिशपला चहा पाजला. पुढे मी शिक्षिका झाले ती रशियनची, कारण शाळांत तेच शिकवत होते. मग तो नव्वद सालचा सप्टेंबर आला. तुझी शाळा नुकतीच संपली होती. हेडमास्तरांनी मला बोलावलं. ‘पानी ओतिलिया, रशियन आता कुणी घेत नाही. तुम्हाला म्हणे इंग्रजी येतं. सोमवारपासून घ्या.’ झालं, इतकंच. वीस वर्षांची भाषा मी शुक्रवारी ठेवली आणि सोमवारी बिशपला घेऊन वर्गात गेले. म्हणून यागोदा, पन्नाशीला आलेल्या माणसाला बाजू बदलताना काय होतं, हे मला कुणी सांगायला नको.

चार वर्षांपूर्वी बराकीतून निरोप आला, अधिकाऱ्यांना इंग्रजी शिकवायचंय. गेले. सातवीच्या मुलांची बाकं होती, आणि त्यांत गुडघे हनुवटीला लावून बसलेले कर्नल आणि मेजर. मी मला येत होतं ते शिकवलं. परिणाम असा झाला की पहिल्या संयुक्त सरावात आपला एक रणगाडा-अधिकारी डेन्मार्कच्या तुकडीला रेडिओवर म्हणाला, ‘आपण कृपा करून आपले रणगाडे किंचित बाजूला घेतलेत तर मी आपला अत्यंत ऋणी राहीन.’ ते बिचारे डॅनिश कुणी राजघराण्यातला माणूस आलाय असं समजून खरोखरच बाजूला झाले. सगळ्या आघाडीत आपली डिव्हिजन सर्वांत सभ्य समजली जाते म्हणतात. श्रेय सिस्टर सालेझियांचं.

माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर तुझे बाबा बसत. मी त्यांना तिथे परक्यासारखं, अदबीनं ‘पान कर्नल’ म्हणायची आणि ते मला ‘पानी बाई’. घरी आलो की स्वयंपाकघरात पुन्हा तेच. फ्रिजवर, कढईवर, खिडकीवर मी इंग्रजी नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. ‘ओतिल्का,’ ते म्हणायचे, ‘पन्नाशीत कढईला नवं नाव ठेवायचं म्हणजे बायकोला नवं नाव ठेवण्यासारखं आहे.’ पण हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. वरून स्पष्ट हुकूम होता. मॉस्कोत शिकलेल्या प्रत्येक अधिकाऱ्यानं इंग्रजीची परीक्षा द्यायची आणि त्यानंतर एका संयुक्त सरावात परक्या अधिकाऱ्यांबरोबर काम करून दाखवायचं. जमलं तर राहा, नाही तर पेन्शन घ्या आणि घरी बसा. बाबांचे अर्धे सोबती घरी बसले. हिपोलित आठवतो ना, तुझ्या वाढदिवसाला ॲकॉर्डियन वाजवायचा? त्यानं पहिल्याच महिन्यात वर्ग सोडला आणि स्टेशनजवळ टायरचं दुकान टाकलं. बाबा तिथे गाडी घेऊन गेले की तो चाक उचलता उचलता सुरू व्हायचा. ‘काय सेवेरिन, काल मॉस्कोला सलाम, आज ब्रुसेल्सला. परवा कुणाचा नंबर, ते सांग म्हणजे मीही उभा राहायला येतो.’ बाबा म्हणायचे, ‘तू टायर बघ.’ पण घरी येऊन जेवायचे नाहीत. एकदा मीच चिडून म्हणाले, ‘अरे, त्याला उत्तर का देत नाहीस?’ तर म्हणाले, ‘उत्तर मला अजून सापडलेलं नाही.’

परीक्षा ते दुसऱ्या खेपेला पास झाले. राहिला सराव. तो गेल्या सप्टेंबरात आपल्याच इथल्या मैदानावर झाला. आता त्याआधी तुला नकाशांबद्दल सांगायला हवं. लहानपणी तू बाबांच्या तळव्याची कड बघून विचारायचीस, ‘आज लाल का निळा?’ आणि ते हात मागे लपवायचे. ते डिव्हिजनच्या मुख्यालयात लढाईचे नकाशे काढत, एवढंच आपल्याला ठाऊक होतं. पण त्या जुन्या सैन्यात नकाशा काढणं ही कला होती. आधी चेक बनावटीच्या बारा रंगीत पेन्सिली अशा तासायच्या की टोक सुईसारखं यावं. बाणाची शेपटी फिकट, डोकं गडद. अक्षरं तिरकी आणि एकसारखी, जणू छापखान्यातून आलीयत. सेनापती निर्णय नंतर वाचायचा, आधी नकाशा कसा दिसतो ते बघायचा. आणि तुझ्या बाबांसारखा हात सबंध पोमेरानियात नव्हता. मी तो नकाशा एकदाही पाहिला नाही. तिजोरीतून निघायचा आणि तिजोरीत जायचा.

त्या कलेचा एकच नियम होता, इतका साधा की कुणी उच्चारतही नसे. आपण लाल, शत्रू निळा. नव्या आघाडीत बरोबर उलटं आहे. तिथे आपण निळे आणि शत्रू लाल. बाबांनी मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसले. म्हटलं, एवढंच ना? पेन्सिल बदलायची. ते म्हणाले, ‘हो, एवढंच.’ नंतर कळलं की इंग्रजी ओठांनी शिकता येतं, पण रंग हाताला शिकवावा लागतो, आणि हाताला तर कुणी शाळेत घालत नाही.

सरावाला मला दुभाषी म्हणून नेलं होतं. मोठा तंबू, पडदे, संगणक, आपले लोक, जर्मन आणि डॅनिश. गोळे खरे नव्हते, सगळी लढाई पडद्यावरची. पण मागे खुर्चीवर जनरल बसले होते वही न उघडता, आणि कोण राहणार आणि कोण घरी जाणार हे त्यांच्या डोक्यात ठरणार होतं. मला सक्त सूचना होती की माझ्या नवऱ्याच्या वाटचं एक अक्षरही मी बोलायचं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी जनित्र बंद पडलं. पडदे काळे झाले. लगेच चार भाषांतल्या शिव्या सुरू झाल्या. जर्मनांचा प्रमुख होता लेफ्टनंट कर्नल हार्म्स, उंच, कानांजवळ पांढरा. तो म्हणाला, ‘हातानं नकाशा कोण काढू शकेल?’ तंबूतल्या तरुण मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांतल्या कुणी आयुष्यात पेन्सिलीनं नकाशा काढला नव्हता. तुझे बाबा उठले. यागोदा, त्या क्षणी ते तिशीचे दिसत होते. त्यांनी बाही वर केली, दोन पेन्सिली कानामागे आणि एक दातांत धरली आणि सुरू झाले. सगळे भोवती जमले. नदी, तळ्यांची माळ, जंगलाची कड, रेषा कशी पाण्यासारखी वाहत होती. नव्या आघाडीच्या खुणा, नवी अक्षरं, सगळं बिनचूक. एका डॅनिश कॅप्टननं तर हळूच टाळी वाजवली.

नकाशा फळ्यावर लागला. तो डॅनिश कॅप्टन पुढे झाला, छडी घेतली आणि म्हणाला की तळ्याच्या पलीकडे जंगलाच्या कडेला शत्रूची मोठी फौज एकवटलेली दिसतेय, ताबडतोब तोफखाना लावावा. त्यानं फोन उचललासुद्धा. मी मागून त्या लाल ठिपक्यांकडे पाहिलं. शेजारी लिहिलेला आकडा आपल्या ब्रिगेडचा होता. ज्या ब्रिगेडच्या मुलांना मी ‘आणखी एक बिस्किट’ शिकवलं, त्यांच्यावर आता आपल्याच तोफा चालणार होत्या. सगळा नकाशा उलटा होता. आपण लाल, शत्रू निळा. घाईत हातानं पेन्सिल निवडली होती आणि हात अजून जुन्या सैन्यात होता. माझ्या घशापर्यंत शब्द आले. बोलले असते तर कुणाच्या लक्षात आलं नसतं, दुभाष्याची चूक म्हणून खपलं असतं. मी दातांखाली जीभ धरली. बाबा फळ्याकडे बघत होते. मला त्यांची फक्त मान दिसत होती, आणि ती पांढरी पडत गेली. गप्प बसणं सोपं होतं. जुन्या सैन्यात नकाशावरची चूक कधीच काढणाऱ्याची नसायची. शाई खराब असायची, माहिती उशिरा आलेली असायची, नाही तर एखादा शिपाई दोषी निघायचा. मग ते पुढे झाले आणि कॅप्टनच्या फोनवर हात ठेवला. ‘थांबा,’ ते इंग्रजीत म्हणाले, सगळ्या तंबूला ऐकू जाईल अशा आवाजात. ‘लाल म्हणजे मी. चूक माझी आहे.’ ना ‘कृपा करून’, ना ‘ऋणी’. सिस्टरांनी शिकवलेला एकही अलंकार त्यात नव्हता.

जनरल हलले नाहीत. मग तो हार्म्स फळ्याजवळ आला, चष्मा कपाळावर चढवून नाक कागदाला लावलं आणि म्हणाला, ‘कर्नल, वीस वर्षं मी तुमचाच लाल रंग वाचायला शिकलो. आमच्या पाठ्यपुस्तकात तो फार गचाळ छापायचे. मूळ इतकं सुंदर असतं हे आज कळलं.’ हशा असा पिकला की तंबूच्या दोऱ्या हलल्या. बाबा हसले नाहीत. त्यांनी निळी पेन्सिल हातात घेतली, कोरा कागद मागितला आणि पुन्हा काढायला बसले. या वेळी प्रत्येक खूण काढण्याआधी ते ओठ हलवत होते. मी लांबून वाचलं, ‘निळा मी, निळा मी.’ दुसऱ्या नकाशावर लढाई पुढे चालली आणि वीज येईपर्यंत त्याच कागदावर चालली. संध्याकाळी पडदे उजळले तेव्हा हार्म्सनं ते बंद करायला सांगितले. म्हणाला, ‘हा जास्त स्पष्ट आहे.’

शेवटच्या दिवशी जनरलनी बाबांना बोलावलं. मी बाहेर बाकावर, हातात जपमाळ. लपवत नाही, शाळेची सवय. बाबा आत फार वेळ नव्हते. जनरल म्हणाले होते, ‘कर्नल, मीही मॉस्कोत त्याच वर्गात शिकलोय. रंग चुकणारे मला ढिगानं मिळतील. तीन सैन्यांसमोर उभं राहून चूक माझी म्हणणारा मला शोधावा लागतो. तुम्ही राहताय.’ बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या हातातली माळ काढून माझ्याच खिशात ठेवली आणि म्हणाले, ‘पुरे आता, त्यांनी ऐकलं.’ परत येताना त्यांनी गाडी हिपोलितच्या दुकानावर थांबवली. टायर धड होते. हिपोलित हात पुसत बाहेर आला, ‘काय, नवे मालक खूश आहेत का?’ बाबा म्हणाले, ‘ऐक. जुन्या नकाशात आपलं गाव कुठे असायचं? उजव्या कडेला, समासात. तिथून फक्त निघायचं असायचं, परतायचं कुणी काढलेलंच नसायचं. परवा मी नकाशा काढला, त्यात आपलं गाव मधोमध होतं आणि सगळे त्याच्याभोवती उभे होते. तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी विचारलं, आणि मी हो म्हणालो. हा फरक आहे.’ हिपोलितनं वाकून पुढचा टायर दाबून पाहिला. मग म्हणाला, ‘चल, हवा तरी भरून देतो. फुकट.’ परवा चौकात तोही आला होता. टोपी हातात धरून, शेवटपर्यंत.

आता तुझ्या हातमोज्यांचं उत्तर. सराव संपल्यावरच्या रविवारी हार्म्स आपल्याकडे जेवायला आला होता. बाबांनीच बोलावलं. दारात हात मिळवला, उघड्या हातानं, आणि बराच वेळ सोडला नाही. मी बिगोस केला होता, आंबट कोबी आणि मांसाचा, तीन दिवस मुरवलेला, आपल्या जंगलातले वाळवलेले मशरूम घालून. दोघांचंही इंग्रजी उसनं, त्यामुळे दोघंही सावकाश बोलत होते आणि कदाचित म्हणूनच खरं बोलत होते. हार्म्सचं घर एल्ब नदीच्या काठी, लाउएनबुर्गला. बाबा एकदम म्हणाले, ‘तिथला पूल मला पाठ आहे. किती रुंद, किती वजन पेलतो. माझा बाण त्यावरून जायचा.’ हार्म्स म्हणाला, ‘नसता गेला. तो पूल मी उडवणार होतो. माझी बायको मागच्या गल्लीत राहायची, काचा फुटतील म्हणून तिची काळजी वाटायची.’ मग त्यानं काटा खाली ठेवला आणि सांगितलं की त्यांच्या सरावात विस्तुला नदीच्या पुलांवर वर्तुळं काढलेली असत, आणि ती काही वर्षं त्यानं स्वतः काढली. मी विचारलं, कोणते पूल? त्यानं नावं घेतली. दुसरं नाव तोरूनचं होतं. माझी शाळा त्या पुलापासून हाकेच्या अंतरावर. ती वर्तुळं अणुबाँबची, हे तुला सांगायला नको. तशा वर्तुळात शाळा, बिशपचा चहा, सिस्टर सालेझिया, काहीच उरलं नसतं. तो माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या ताटात आणखी बिगोस वाढला. मला दुसरं काय सुचणार होतं, यागोदा? त्यानं तोही संपवला.

तो गेल्यावर मी भांडी घासत होते आणि बाबा पुसत होते. बाहेर लख्ख ऊन होतं. हातातली बशी पुसत पुसत ते म्हणाले, ‘त्यानं त्याची वर्तुळं सांगितली. मी माझं सांगितलं नाही.’ आणि मग सांगितलं. त्यांचा बाण एल्बवरून उत्तरेला वळायचा, डेन्मार्ककडे. पण त्याआधी वाटेतल्या मोठ्या शहरावर एक वर्तुळ असायचं. सरावामागून सराव, वर्षामागून वर्षं, ते त्यांनीच कंपासनं काढलेलं. ते शहर हँबुर्ग. तू नर्स म्हणून तिथे गेलीस तेव्हा ते गप्प झाले, तुला आठवतं. तुझ्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा पाकिटावरचा पत्ता वाचून ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, ‘मी जाणार नाही.’ कारण दिलं नाही. शपथ होती, कुणाला सांगायचं नव्हतं, मलासुद्धा नाही. तुला वाटलं की तुझा नवरा आइके जर्मन आहे म्हणून. तुझ्या आजीला जर्मनांनी वेठीला धरून नेलं होतं, तिच्या कोटावर वेठमजुराची खूण म्हणून ते पिवळं चिरगूट शिवलं होतं, ते बाबा विसरले नाहीत म्हणून. मलाही तेच वाटत होतं. त्यांनी बशी फडताळात ठेवली आणि म्हणाले, ‘ओतिल्का, जर्मन माणसाबरोबर मी केव्हाही केक खाल्ला असता. पण ज्या शहरावर मी कंपास ठेवला, तिथे माझी मुलगी पांढरे कपडे घालून उभी राहणार आणि मी कोणत्या तोंडानं तिच्यासाठी ग्लास उंच करणार?’ मी त्यांना म्हटलं, ‘अरे, ते वर्तुळ कधी खरं झालंच नाही ना. पुसलं गेलं.’ ते म्हणाले, ‘पुसलं ते लोकांनी, संप करून, चौकात उभं राहून. मी तर पुन्हा पुन्हा काढतच होतो.’ पण परवा झेंडा वर जाताना मला वाटलं की त्यांचाही हात त्या पुसण्यात आहे. तंबूत, तीन सैन्यांसमोर, त्यांनी तो घातला.

आता हे सगळं मी का लिहितेय ते सांगते. हार्म्सनं शब्द टाकला आणि हँबुर्गच्या सेनाधिकाऱ्यांच्या विद्यालयातून बाबांना बोलावणं आलंय. तिथल्या तरुण अधिकाऱ्यांना त्यांनी सांगायचं, पलीकडची माणसं नकाशा काढताना काय विचार करायची. इंग्रजीत, तीन आठवडे. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ते निघतायत, श्चेत्सिनवरून, दुपारी हँबुर्गला पोचतील. तुझ्या दाराची घंटा वाजवायचं धैर्य त्यांच्यात नाही हे मला ठाऊक आहे. रणगाडे बघितलेला माणूस आहे, पण एका घंटेला घाबरतो. त्यांनी ठरवलंय की तुमच्या रस्त्यावरून एकदा चालत जायचं, खिडकीत आपली नात रोझालिया दिसली तर बघायची आणि परत फिरायचं. मला त्यांनी तुला काही लिहू नकोस असं बजावलंय, आणि मी सिस्टरांची विद्यार्थिनी, सहसा आज्ञा मोडत नाही. ही मोडली. म्हणून शनिवारी तू स्टेशनवर ये. आइकेला घे, रोझालियाला घे, तिला ठेवणीतला चांगला कोट घाल. कीव करून येऊ नकोस, समजूत घालायला येऊ नकोस. जिंकून आलेल्या माणसाला घ्यायला जातात तशी ये, फुलं घेऊन, मोठ्यानं हाक मारत. आणि आइकेला सांग, फुलं विषम आणायची, जोडीत आणतात ती आपल्याकडे थडग्यावर ठेवायची असतात. जर्मन माणसं सरळ एक डझन घेतात.

तुझीच आणि आज फार अभिमानात असलेली,
आई